शनिवारचं माप

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं. पहिल्या रांगेत खुर्च्या रिकाम्या आहेत. शोकसभेत पुढे बसायला आपल्याकडे कुणी तयार नसतं. वक्त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर ते जवळून बघावं लागेल, ही भीती. माझ्या बाबतीत ती भीती बाळगू नका. मी रडणारा माणूस नाही, हे नवीन पनवेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

चाळीस वर्षं मी बोलतो आहे. शाळेत इतिहास शिकवला तो बोलून. बुवा-बाबांविरुद्ध उभा राहिलो तो बोलून. माझ्या हातात कधी कागद बघितलाय कुणी? आज आहे. आज मला माझ्या जिभेचा भरवसा वाटत नाही. ती सवयीने भलतीकडे जाईल, टाळ्या घेईल, आणि सांगायचं ते राहून जाईल.

शोकसभांबद्दल माझ्या मनात जुना संशय आहे. मेलेला माणूस उत्तर देत नाही. म्हणून जितकं खोटं शोकसभेत बोललं जातं, तितकं निवडणुकीच्या सभेतही नाही. निवडणुकीत निदान समोरचा उमेदवार जिवंत असतो.

आता हा फोटो बघा. अब्राहम आपटेकर. शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर परीक्षानळ्या धुतल्या, मुलांना लिटमस कागद वाटले, आणि निवृत्तीनंतर या इमारतीच्या तळमजल्यावर राहिला. फोटोला झेंडूचा हार आहे, खाली उदबत्ती आहे. अब्राहमच्या धर्मात फोटोला हार घालत नाहीत. रिबेकावहिनी समोर बसल्यात, त्या काही बोलणार नाहीत, कारण हार प्रेमाने घातलाय. पण मी सांगतो. माणूस जाऊन जेमतेम दहा दिवस झाले, आणि आपण त्याला आपल्यासारखं करून घेतलं.

आणि तुमच्या हातात ते पत्रक आहे. प्रत्येक खुर्चीवर एक ठेवलंय. गुळगुळीत कागद, चार रंग. वर अब्राहमचा फोटो, डोक्यामागे सूर्यकिरणं. खाली ठळक अक्षरात: शनिवारी सृष्टी विश्रांती घेते, पनवेलच्या संशोधकाने सिद्ध केले. त्याच्या खाली, जरा लहान अक्षरात: कट्टर विज्ञाननिष्ठ विनायक सरांच्या हस्ते प्रत्येक शनिवारची नोंद.

विनायक सर म्हणजे मी.

त्या पत्रकाबद्दलच बोलायला मी उभा आहे.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं मागे जातो. अब्राहम मूळचा आपट्याचा. बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू. कोकणात त्यांच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणायचे. तेलाचा घाणा चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. शनिवार त्यांचा शब्बाथ. देवाने सहा दिवस सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली, म्हणून माणसानेही घ्यायची. काम नाही, चूल नाही, लिहिणं नाही.

शाळेच्या मागच्या पायरीवर बसून अब्राहमने मला एकदा सांगितलं होतं. म्हणाला, "माझे आजोबा शनिवारी बैलाला घाण्यापासून सोडायचे. तो बैल दिवसभर उभा असायचा. मी लहान. मला वाटायचं, आम्ही थांबलो, बैल थांबला, मग नदी का नाही थांबत? मी पाताळगंगेत पान सोडून बघायचो. शुक्रवारी जितकं वाहत गेलं तितकंच शनिवारी जातं का."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. पान जायचं. पण कधी हळू, कधी जोरात. आणि माझ्याकडे घड्याळ नव्हतं."

मी हसलो. त्या वयात मी सगळ्यांना हसायचो.

तो म्हणाला, "हस. माझा प्रश्न एवढाच आहे. शनिवारी फक्त आम्हीच थांबतो, की आमच्याबरोबर आणखी काही थांबतं?"

मित्रहो, असे प्रश्न विचारणारे लोक इतिहासात पुष्कळ होऊन गेले. एक पाय प्रयोगशाळेत, एक पाय देवळात. मी त्यांच्याबद्दल खूप वाचलंय, आणि माझा त्यांच्यावर विश्वास नाही. आकड्यांची पूजा करणारा तो ग्रीक पंथ घ्या. भूमितीचे सिद्धान्त मांडायचे आणि शेंगांतल्या दाण्यांना हात लावायचा नाही, पाप. मडक्यात वालाच्या शेंगा भाजतात त्या पोपटीच्या दिवसांत पनवेलला आले असते तर उपाशी मेले असते. आपल्याकडचा एक ज्योतिर्विद घ्या. ग्रहणाचं गणित अचूक मांडलं, सावलीचा खेळ आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि त्याच ग्रंथात सांगतो की राहूला नाकारू नका. गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगणाऱ्या त्या इंग्रजाने धर्मग्रंथांतून जगाच्या अंताचं वर्ष काढायला ढीगभर कागद खर्ची घातले. आणि अमेरिकेतला एक डॉक्टर तर मरणाऱ्या रोग्याची खाटच तराजूवर ठेवायचा. आत्मा निघून गेला की वजन किती कमी होतं ते बघायला. एकाचं वजन थोडं कमी भरलं. बाकीच्यांचं धड जुळेना. पण जगाने तो एकच लक्षात ठेवला.

हे लोक मूर्ख नव्हते. मूर्खांची मला भीती वाटत नाही. हे हुशार होते, आणि हुशार माणसाला एखादी गोष्ट खरी असावी असं फार मनापासून वाटायला लागलं, की तराजूसुद्धा त्याचं ऐकायला लागतो. माझा संशय असतो तो या जागेवर. श्रद्धेवर माझा राग नाही. श्रद्धा हातात मोजपट्टी घेऊन आली, की मी खिसा सांभाळतो.

तर अब्राहम निवृत्त झाला आणि त्याने मोजपट्टी हातात घेतली.

गच्चीवर एक मोठी एनॅमलची परात ठेवली. आत तांबड्या रंगाची खूण. रोज संध्याकाळी पाच वाजता जायचं. उन्हाने पाणी आटलेलं असायचं. काचेच्या मोजपात्राने पुन्हा खुणेपर्यंत पाणी भरायचं, आणि किती भरावं लागलं ते वहीत लिहायचं. तितकं पाणी दिवसभरात आटलं. वरून कावळ्यांसाठी जाळी. पावसाळ्यात परात घरात. बाकी वर्षभर रोज पाच वाजता. शनिवारी पाणी कमी आटतं का, एवढंच बघायचं होतं.

अडचण एकच. शनिवारी त्याला मोजता येत नव्हतं. मोजणं हे काम. लिहिणं हे काम. ज्या दिवसाचा शोध घ्यायचा, त्याच दिवशी शोध घेणाऱ्याचे हात बांधलेले. असा प्रयोग जगात दुसऱ्या कुणाला सुचला असेल असं मला वाटत नाही.

तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, "शेजाऱ्यांना सांग. हरिश्चंद्रशेठला सांग, तो तुझ्या शब्दाबाहेर नाही."

अब्राहम म्हणाला, "ते माझ्यावर प्रेम करतात. मला नको ते. मला माझ्यावर संशय घेणारा माणूस पाहिजे. पनवेलमध्ये तुझ्याइतका संशयी दुसरा कोण आहे?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पुढे म्हणाला, "आणि एक. शनिवारी मी तुला 'माप घे' म्हणणार नाही. कुणाला काम सांगणं हेही कामच. 'घेतलंस का' असंही विचारणार नाही. तू तुझ्या संशयापायी यायचंस, वर जायचंस, लिहायचंस. गच्चीची किल्ली तुझ्याकडे राहील."

असं चौदा वर्षं चाललं. शनिवारी पाच वाजता मी वर जायचो, माप घ्यायचो, मग खाली येऊन त्यांचं दार वाजवायचो. आत काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाचा दिवा शुक्रवारपासून जळत असायचा. वहिनी थर्मासमधून चहा द्यायच्या. शुक्रवारी करून ठेवलेला. मी दर वेळी म्हणायचो, "वहिनी, तुमच्या देवाला ताज्या चहाचं काय वावडं आहे?" आणि त्या दर वेळी म्हणायच्या, "भाऊजी, देवाला नाही, चुलीला सुट्टी आहे. मुकाट्याने प्या."

आणि मित्रहो, आकडे यायला लागले. शनिवारी पाणी कमी आटत होतं.

दर शनिवारी नाही. पण वर्षाची बेरीज केली की शनिवार खाली. दुसऱ्या वर्षी खाली. तिसऱ्या वर्षी खाली. मी हादरलो. माझी खात्री झाली की अब्राहम चोरी करतोय. जाणूनबुजून म्हणत नाही. पण कुठेतरी त्याचा हात त्याच्या मनाचं ऐकतोय. दादरहून दुसरं मोजपात्र आणलं आणि त्याचं पडताळून पाहिलं. बरोबर. तांबडी खूण सरकते का, ते टाचणीने ओरखडा काढून पाहिलं. सरकत नव्हती. शेवटी एका रविवारी मी चोरासारखा या इमारतीत शिरलो आणि गच्चीच्या जिन्यात वळणावर लपून उभा राहिलो. रविवारी पाणी जास्त दाखवून हा शनिवार कमी करतोय का, ते बघायला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना अब्राहम आला. परातीजवळ स्टूल घेऊन बसला. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. आणि नुसता बसून राहिला. दहा मिनिटं. काटा पाचवर आला तेव्हा उठला, पाणी भरलं, वाकून पातळी पाहिली, पुन्हा पाहिली, लिहिलं. मग मागे न वळता म्हणाला, "विनायक, जिन्यात उभा राहू नकोस, डास आहेत. वर ये."

मी वर गेलो. मला शरम वाटली का? नाही. मला वाटलं, याने मला आधीच पाहिलं असणार, म्हणून नीट मोजलं.

संशय हा असा असतो. त्याला पोट असतं, पण ते भरत नाही.

त्याच दिवशी तो एक वाक्य बोलला. मी वहीतले कमी आकडे दाखवत होतो, हे कमी का, ते कमी का. तो वही मिटत म्हणाला, "मला एक गंमत दिसलीये. तुझं भाषण असतं ना, त्या शनिवारी सृष्टी हमखास विश्रांती घेते."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्या भाषणाने पाणीसुद्धा झोपतं?"

तो हसला. मीही हसलो. वहिनींना ते मी स्वतः सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

हे वाक्य लक्षात ठेवा.

गेली काही वर्षं लोक त्याला विचारायचे. वर्तमानपत्रवाले येऊन गेले. कामोठ्याच्या क्लासवाल्यांनी मुलांसमोर बोलायला बोलावलं. तो एकच उत्तर द्यायचा. "अजून एक शनिवार बाकी आहे." मला राग यायचा. मी म्हणायचो, "तुला स्वतःच्या आकड्यांवर भरवसा नाही का?" तो म्हणायचा, "आकड्यांवर आहे रे." आणि परातीवरची जाळी नीट करायला लागायचा.

दहा दिवसांपूर्वी, गुरुवारी सकाळी, तो गेला. शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागायच्या आत, आपण त्याला माती दिली.

या आठवड्यात हरिश्चंद्रशेठ माझ्याकडे आले. शेठ, तुम्ही इथेच बसलात, चुकलं तर सांगा. तुम्ही म्हणालात, "सर, अब्रूदादाचं नाव राह्यला पायजे. मी हॉल बांदतो त्याच्या नावानं. पत्रक छापलंय. तुमी फकस्त उबं राहून बोला."

मी विचारलं, "मीच का?"

शेठ म्हणाले, "तुमी देव मानत नाय म्हणून. आमी बोललो तर लोक बोलतील, याचा दोस्त व्हता. तुमी बोललात तं पटंल. आनि सर, ह्ये खरंच हाय. माजा आजा मिठागरावर सांगायचा, कवा कवा आगरात पानी नुसतं बसून रहातं, मीठ धरीत नाय. अब्रूदादाला मीच सांगितलं व्हतं त्ये."

मला पहिला संशय आला तो शेठवर. बिल्डर माणूस, हॉलच्या नावाखाली कुठला तरी भूखंड पदरात पाडून घेईल. शेठ, मी चौकशी केली. जागा तुमच्या स्वतःच्या वाडवडलांची आहे. ज्या आगरात आजोबांनी मीठ काढलं, त्यातला उरलेला शेवटचा तुकडा. तो तुम्ही अब्राहमसाठी द्यायला निघालात. मी तुमची माफी मागतो. ही आजची पहिली माफी. दुसरी पुढे आहे.

मी शेठना काय म्हटलं? "बघू." मी नाही म्हटलं नाही. माझं नाव त्या पत्रकावर ठळक पाहिलं, आणि "बघू" म्हटलं.

परवा शुक्रवारी अब्राहमची मुलगी नायोमी माझ्याकडे आली. बापाच्या बातमीने परदेशातून आलेली. तिच्या हातात वह्यांचा गठ्ठा. म्हणाली, "अंकल, डॅडींनी सांगून ठेवलं होतं, वह्या तुम्हालाच द्यायच्या. दुसऱ्या कुणाला नाही."

मी वह्या उघडल्या. आकडे ओळखीचे. सहा दिवस त्याचं तिरकं अक्षर, सातव्या दिवशी माझं. पण प्रत्येक वहीच्या शेवटी काही पानं जाड लागली. उलटून पाहिलं. तिथे कागद चिकटवले होते. छापील कागद. माझ्या भाषणांच्या जाहिराती.

हो. माझ्याच. मी स्वतः नेऊन त्याला द्यायचो, मोठ्या कौतुकाने. कामोठे. उरण. खोपोली. पेण. विषय: वैज्ञानिक दृष्टिकोन. विषय: पुरावा म्हणजे काय. आणि प्रत्येक कागदावर खाली एका ओळीखाली पेन्सिलची बारीक रेघ. ती ओळ अशी: शनिवार, सायंकाळी ठीक पाच वाजता.

मित्रहो, शनिवारी ठीक पाच वाजता मी उरणला व्यासपीठावर असेन, तर शनिवारी ठीक पाच वाजता या गच्चीवर कोण होतं?

कोणी नव्हतं.

भाषण असायचं त्या शनिवारी मी दोन वाजता यायचो. जिना चढायचो, पाणी भरायचो, आणि वहीत वेळेच्या रकान्यात 'पाच' लिहायचो. दोनला मोजलं, पाच लिहिलं. खाली येऊन दार न वाजवता निघून जायचो. रविवारी सांगायचो, काल पाचला येऊन गेलो, घाईत होतो, म्हणून चहाला थांबलो नाही.

आता समजा. शुक्रवारी पाचला अब्राहमने परात भरली. तिथून शनिवारी पाचपर्यंत पूर्ण दिवस व्हायला हवा. मी दोनलाच मोजलं, तर दुपारचे तीन तास गेले. तेही कुठले? उन्हाचे. पनवेलच्या एप्रिलमध्ये दुपारी दोन ते पाच या गच्चीवर पाय ठेवून बघा. ते पाणी शनिवारच्या नावावर आलंच नाही. ते गेलं रविवारच्या नावावर. शनिवार खाली, रविवार वर. सृष्टीने विश्रांती घेतली नव्हती. पुराव्यावर बोलायला विनायकराव उरणच्या गाडीत बसले होते.

मला हे कधीच सुचलं नाही, असं मी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल का? मी तर ठेवणार नाही. मोजपात्र तपासलं. खूण तपासली. जिन्यात लपलो. वारा, कावळे, जाळी, अब्राहमची नजर, अब्राहमचं मन, सगळ्यावर संशय घेतला. एका माणसाच्या मनगटावरच्या घड्याळाकडे मी चौदा वर्षांत वळून पाहिलं नाही. का नाही पाहिलं? तो माणूस विज्ञानवादी होता म्हणून. मगाशी मी त्या अमेरिकन डॉक्टरला हसलो. तुम्हीही हसलात. त्याने निदान खोटी वेळ लिहिल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

शेठ, बसा. उठू नका. मला पुरं करू द्या.

काल शब्बाथ उतरल्यावर मी रिबेकावहिनींकडे गेलो. वह्या समोर ठेवल्या. म्हटलं, "वहिनी, त्याला माहीत होतं?"

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या चपला जिन्यात ओळखू येतात. आम्ही तळमजल्यावर राहतो. दोनला वाजल्या की आम्हाला दोघांनाही कळायचं."

"मग त्याने मला विचारलं का नाही?"

"मीही तेच म्हटलं त्यांना. विचारा की त्यांना सरळ. तर म्हणाले, शनिवारी विचारता येत नाही. आणि रविवारी विचारलं, तर पुढच्या शनिवारी तो येणार नाही."

मी वह्या आवरायला लागलो. मग वहिनीच म्हणाल्या, "नायोमी गेल्यापासून शनिवारी आमच्याकडे दुसरं कोण येत होतं?"

माझ्यासारखा माणूस यातही खोट शोधतो. मी रात्रभर शोधली. अब्राहमने प्रयोग वाचवण्यासाठी मला सांगायला हवं होतं, त्याने सांगितलं नाही, म्हणजे तोही शास्त्रज्ञ म्हणून चुकलाच, असा मुद्दा मी मनात तयार केला. चांगला मुद्दा आहे. टाळ्या मिळतील. पण खरं बघा. तो चुकला असता कधी? ते आकडे घेऊन लोकांपुढे गेला असता तर. गेला का? वर्तमानपत्रवाला दारात उभा असताना गेला नाही. देव खरा ठरत होता, त्याच्या बापजाद्यांचा शनिवार खरा ठरत होता, लहानपणी पाताळगंगेत सोडलेलं पान खरं ठरत होतं, आणि हा माणूस म्हणत होता, अजून एक शनिवार बाकी आहे. त्याने आकडे वापरले नाहीत आणि मला घालवलंही नाही. मी स्वतः येऊन सांगेन, त्या शनिवारची तो वाट बघत होता. तो शनिवार मी त्याला दिला नाही.

इतिहासातल्या त्या सगळ्या तऱ्हेवाईक लोकांवर मी आयुष्यभर संशय घेतला, आणि पुढेही घेईन. पण त्यांच्यात एखादा अब्राहम असेल, तर तो मला पुस्तकात सापडणार नाही. त्याने काही जाहीर केलेलंच नसेल.

म्हणून आता पत्रकाचं. हरिश्चंद्रशेठ, हॉल बांधा. अब्राहमच्या नावाने बांधा. पण हे पत्रक परत घ्या. यात लिहिलेलं खोटं आहे, आणि ते खोटं अब्राहमचं नाही, माझं आहे. उद्या कुणीतरी शहाणा या वह्या तपासेल, दोन आणि पाचचा घोळ त्याला दिसेल, आणि तो म्हणेल, पनवेलच्या एका म्हाताऱ्या ज्यूने देवासाठी आकडे फिरवले. ते मी होऊ देणार नाही. आकडे फिरवले ते देव न मानणाऱ्याने, एका भाषणासाठी.

शेठ मान हलवताहेत. काय म्हणालात? मोठ्याने बोला, सगळ्यांना ऐकू द्या.

शेठ म्हणताहेत, "सर, आदी सांगितलं असतंत तं छपाई तरी वाचली असती."

बरोबर आहे. आधी सांगायला हवं होतं. हेच म्हणतोय मी.

आणि ही दुसरी माफी. ती अब्राहमला. तो ऐकतोय असं मी मानत नाही, आणि मानायला लागलो तर त्याला आवडणार नाही. म्हणून ती रिबेकावहिनींपुढे आणि तुम्हा सगळ्यांपुढे मागतो.

शेवटचं एक सांगतो. त्याला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. भाषण नव्हतं. वह्यांमागच्या त्या जाहिराती मी अजून पाहिल्या नव्हत्या, तरी दोन वाजताच गच्चीवर गेलो आणि या वेळी तिथेच बसलो. त्याच्या स्टुलावर. दोन ते पाच. ऊन सरकत होतं. पाणी आटताना दिसत नाही, किती बघितलं तरी. पण तांबड्या खुणेच्या खाली एक ओलसर कड दिसत होती, ती हळूहळू रुंद होत गेली. अडीचला होती त्याहून साडेचारला जास्त. तीन तासांचं पाणी म्हणजे केवढं असतं, हे मी चौदा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. काटा पाचवर आला, पाणी भरलं, वहीत 'पाच' लिहिलं. खरं पाच.

त्या मापाचा काही उपयोग नाही. गुरुवारचं, शुक्रवारचं माप घ्यायला कुणी नव्हतं. नुसतं शनिवारचं माप कशाशी ताडून बघणार?

खाली येऊन मी दार वाजवलं. सुतकाचं घर, पण वहिनींनी थर्मास पुढे केला. मी मुकाट्याने प्यायलो.

मंडळी, समोर भिंतीवर घड्याळ आहे. पाचला चार मिनिटं कमी आहेत. शोकसभेत दोन मिनिटं उभं राहायची पद्धत आहे, आणि मी शिक्षक आहे, मला माहीत आहे, दीड मिनिटातच कुणीतरी हळूच खाली बसतं. आज तसं नको. उभे राहा. बोलू नका. प्रार्थना करणाऱ्यांनी प्रार्थना करावी, न करणाऱ्यांनी घड्याळाकडे बघावं. अब्राहम पाच वाजता माप घ्यायचा.

काटा पाचवर येईपर्यंत इथून कुणी हलायचं नाही. मीही नाही.